मागून बसलेली धडक आणि मानेचा हिशोब : एका भरपाई दाव्याचे प्रकरण

साताऱ्याहून पुण्याकडे येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार सुरू होतो. हा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच ठिकाणी एका अवजड वाहनामुळे झालेल्या साखळी अपघातात सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले होते. येथे घडणाऱ्या बहुतेक अपघातांचा आकार एकच असतो : पुढे वाहतूक तुंबलेली असते, उतारामुळे मागच्या वाहनाचा वेग आवरत नाही आणि ते पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळते. प्रस्तुत प्रकरण अशाच एका धडकेचे आहे. त्यातील कुटुंब, टेम्पो, तारखा आणि रकमा अभ्यासासाठी रचलेल्या आहेत. जागा, कलमे आणि न्यायनिर्णय मात्र खरे आहेत आणि दाव्याची वाटचाल प्रत्यक्षात जशी होते तशीच ठेवली आहे.

मागून धडक बसली म्हणजे चूक मागच्याचीच आणि भरपाई ठरलेलीच, असा सर्वसाधारण समज आहे. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा असल्यामुळेच दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष होते. या दाव्यात चूक कोणाची हा प्रश्न पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ सुटला होता. उरलेला सगळा काळ गेला तो दुखापत किती, ती अपघातामुळेच झाली का आणि तिने माणसाच्या कमाईतले नेमके काय हिरावले, हे सिद्ध करण्यात.

घटना

रविवार, १८ ऑगस्ट २०२४. संध्याकाळी सातच्या सुमारास, पावसाची भुरभुर चालू असताना, नऱ्हे येथे राहणारे एक जोडपे साताऱ्याहून परतत होते. पती गाडी चालवत होते, त्रेचाळीस वर्षांच्या पत्नी शेजारच्या आसनावर होत्या आणि मागे त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा बसला होता. उतारावर वाहतूक संथ झाली, पुढच्या कंटेनरने वेग कमी केला आणि पतींनीही गाडी जवळजवळ थांबवली. त्याच क्षणी मागून मालवाहू टेम्पो आदळला. गाडी पुढे ढकलली गेली आणि तिचे नाक कंटेनरच्या मागच्या पट्टीला लागले. कंटेनर काही अंतरावर क्षणभर थांबला आणि निघून गेला. त्याचा क्रमांक कोणीही टिपला नाही.

टेम्पोचालक घाबरलेला होता. ब्रेक लागलेच नाहीत, असे तो सांगत होता आणि हात जोडून विनवत होता, "साहेब, गरीब माणूस आहे, दहा हजार घ्या आणि इथंच मिटवा." पती मिटवण्याच्या विचारात होते, पत्नीला तेव्हा मान थोडी आखडल्यापलीकडे काही जाणवत नव्हते. तक्रार झाली ती दोन साध्या कारणांनी. एक म्हणजे गाडीची डिकी मागच्या आसनापर्यंत आत गेली होती आणि स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घ्यायची तर पोलिसांची नोंद असलेली बरी, हे भाच्याला ठाऊक होते. दुसरे म्हणजे वाहने हलवण्यापूर्वी त्याने मोबाइलवर फोटो काढले होते आणि तो ते कोणाला तरी दाखवण्याच्या तयारीत होता. त्या फोटोंपैकी चार पुढे निशाणी (क्रमांक देऊन नोंदवलेला पुरावा) म्हणून दाखल झाले. टेम्पोचा दर्शनी भाग गाडीच्या डिकीत घुसलेला, टेम्पोचा क्रमांक स्पष्ट, रस्त्याचा उतार दिसणारा आणि गाडीच्या पुढच्या बाजूला जेमतेम चेपलेला बंपर, असे ते चार फोटो होते.

फिर्यादीवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५(अ) तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा नोंद झाला. जखमींच्या रकान्यात पत्नीच्या नावापुढे "किरकोळ मुका मार" असे लिहिले गेले. हे तीन शब्द पुढे वर्षभर पाठ सोडणार नव्हते.

मानेचे उशिरा बोलणे

मागून धडक बसते तेव्हा धड आसनाबरोबर पुढे जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्याने पुढे येते. मानेला बसणारा हा हिसका त्या वेळी कळतोच असे नाही. साध्या एक्स-रेमध्ये हाडे जागच्या जागी दिसतात, माणूस घरी येतो, बाम लावून झोपतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांद्यातून हाताकडे कळ जायला लागते. इथेही तसेच झाले. २२ ऑगस्टला पत्नी प्रथम रुग्णालयात गेल्या. २७ ऑगस्टच्या एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती बाहेर येऊन उजव्या बाजूच्या मज्जातंतूवर दाब आल्याचे दिसले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बधिर झाली होती. औषधे, पट्टा आणि फिजिओथेरपी यांचा उपयोग न झाल्याने नोव्हेंबरमध्ये चकती काढून ते दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. कळ गेली, बधिरपणा काही अंशी राहिला आणि मान वळण्याची मर्यादा कायमची झाली.

हे सगळे कोणाही माणसाच्या बाबतीत दुःखद असते. येथे मात्र ज्या दोन बोटांची संवेदना गेली त्याच बोटांवर घर चालत होते. पत्नी नऱ्ह्यात शिवणकामाचे छोटे दुकान चालवीत, दोन मदतनीस मुली ठेवून पैठणीवरची ब्लाउज आणि आरी वर्क करीत. काज-बटण, फॉल-पिको मदतनीस करीत. कापड बेतणे, कातरणे आणि आरीची सुई हे मालकिणीचे काम होते.

वकिलांकडे हे कुटुंब सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचले. वकिलांनी सर्वप्रथम जे केले ते मला या प्रकरणातील सर्वांत मोलाचे पाऊल वाटते, आणि त्याचा भरपाईच्या रकमेशी वरवर काही संबंध दिसत नाही. त्यांनी पत्नीला तपासी अधिकाऱ्यांपुढे पुरवणी जबाब द्यायला लावला आणि सोबत उपचारांची कागदपत्रे व डॉक्टरांचा दाखला जोडला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडले नसले तरी जी दुखापत माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदनेत ठेवते किंवा नेहमीचा व्यवहार करू देत नाही ती गंभीर दुखापत ठरते. जुन्या दंड संहितेत हीच मुदत वीस दिवसांची होती. जबाबानंतर गुन्ह्यात कलम १२५(ब) वाढले आणि "किरकोळ मुका मार" या नोंदीला त्याच पोलिसी कागदांत उत्तर मिळाले. फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाणारे दोषारोपपत्र आता वेगळी भाषा बोलत होते.

सहा महिन्यांची मुदत आणि अडीच लाखांचे आमिष

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १६६(३) खाली भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यापूर्वी सुमारे तीन दशके अशी मुदतच नव्हती. जुन्या अनुभवावर विसंबून "उपचार पूर्ण होऊ देत, मग पाहू" असा सल्ला देणारे हितचिंतक अजून पुष्कळ भेटतात. हा सल्ला आता धोक्याचा आहे.

त्याच तारखेपासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. कलम १६६(४) प्रमाणे न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद प्रकरणात या यंत्रणेच्या अंमलबजावणीसाठी सविस्तर निर्देश दिले. कागदावर ही रचना फार चांगली आहे. या प्रकरणात मात्र नव्वदावा दिवस, म्हणजे १६ नोव्हेंबर, उलटून गेला तरी सविस्तर अहवाल पोहोचला नव्हता. वकिलांनी वाट पाहिली नाही. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, मुदत संपण्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, स्वतंत्र अर्ज दाखल केला.

त्यापूर्वी विमा कंपनीकडून तोंडी विचारणा झाली होती. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला ठोक अडीच लाख रुपये मिळतात, ते लगेच घ्या, कोर्टकचेरी कशाला, असा सूर होता. शस्त्रक्रियेचा खर्च तोंडावर असताना अडीच लाखांचा धनादेश मोहात पाडणारा असतो. पण कलम १६६ च्या परंतुकाप्रमाणे कलम १४९ च्या पद्धतीने अशी रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. ज्यांची दुखापत खरोखर तेवढ्यावरच भागणारी आहे किंवा ज्यांची स्वतःचीच चूक आहे त्यांच्यासाठी हे कलम वरदान आहे. या कुटुंबासाठी तो सापळा ठरला असता. नकार द्यायला बळ मिळाले ते पतींच्या मेडिक्लेममुळे : ३,८६,४०० रुपयांच्या एकूण वैद्यकीय खर्चापैकी २,७५,००० त्यातून भागले.

विमा कंपनीची कैफियत

जाबदेणार क्रमांक १ टेम्पोमालक आणि क्रमांक २ त्यांची विमा कंपनी. मालक हजर झाले नाहीत. विमा कंपनीने आपल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, बऱ्याच गोष्टी नाकारल्या, पण वजनदार मुद्दे चार होते.

पहिला मुद्दा परवान्याचा. चालकाकडे हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना होता, मालवाहू वाहनाची वेगळी नोंद त्यावर नव्हती. टेम्पोचे एकूण वजन ७,५०० किलोच्या आत होते. अशा वाहनाला वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगण प्रकरणात २०१७ साली म्हटले होते. त्या निर्णयाचा फेरविचार घटनापीठापुढे होता आणि कंपनीने आपले पहिले पत्र लिहिले तेव्हा त्याचा निकाल लागायचा होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने जुनाच निष्कर्ष कायम केला. मुद्दा तिथेच संपला. कैफियतीत तो उरला तो केवळ सवयीने. तो टिकला असता तरी स्वर्णसिंग प्रकरणापासून (२००४) रुळलेल्या पद्धतीप्रमाणे कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होण्याचीच शक्यता अधिक होती.

दुसरा मुद्दा अधिक हुशारीचा होता. कंपनीचे म्हणणे असे, की गाडीनेच आधी पुढच्या कंटेनरला धडक दिली, ती जागीच थांबली आणि त्यामुळे टेम्पोचालकाला सावरायला अवधी मिळाला नाही. आधी मागून की आधी पुढून, हा साखळी अपघातातला खरा कळीचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर बहुधा पत्र्यावर लिहिलेले असते. डिकी मागच्या आसनापर्यंत दबलेली आणि पुढचा बंपर जेमतेम चेपलेला. समोरच्या एअरबॅग उघडलेल्या नाहीत. दुरुस्तीच्या वेळी सर्व्हेअरने नोंदवलेला शेरा, की मुख्य आघात मागून आहे. पत्नीने सरतपासात (स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीत) सांगितले, की डोके आधी मागच्या उशीवर आपटले आणि नंतर पट्ट्याने छाती आवळली. हा क्रम त्यांनी कोणाच्या शिकवणीवरून सांगितला असेल असे वाटत नाही, कारण उलटतपासात तोच प्रश्न तीन प्रकारांनी विचारल्यावरही उत्तर तेच आले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी धडक टळेल इतके अंतर मागच्याने राखलेच पाहिजे, असा वाहतुकीचा नियम आहे. तो १९८९ च्या नियमावलीत होता आणि २०१७ च्या नियमावलीतही आहे. २०१८ साली निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाचा आधार घेऊन, ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवरून जाणाऱ्या मोटारीच्या चालकालाच दोषी धरले होते. मात्र हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक थांबलेल्या मोटारचालकावर ५० टक्के, मागून आलेल्या बसवर ३० टक्के आणि मोटारीवर मागून आदळलेल्या तरुण दुचाकीस्वारावर २० टक्के जबाबदारी टाकली. त्या अपघातात त्या विद्यार्थ्याचा पाय गेला होता. म्हणजे "मागचा तो दोषी" हा प्रारंभबिंदू आहे, निकाल नव्हे. नवले पुलाच्या उतारावर संध्याकाळच्या कोंडीत गाडी मंदावणे आणि मोकळ्या महामार्गावर गाडी एकाएकी थांबवणे यांतला फरक मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाच्या लक्षात येण्याजोगा आहे.

गंमत अशी, की कंपनीने हा मुद्दा जिंकला असता तरी तिच्या हाती फारसे काही लागले नसते. दावा पत्नीचा होता आणि त्या गाडी चालवत नव्हत्या. प्रवाशाच्या बाबतीत दोन चालकांची चूक ही संयुक्त निष्काळजीपणा ठरते. खेन्येई प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अशा वेळी जखमी व्यक्ती कोणत्याही एका दोषी वाहनाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकते. पतीच्या चुकीचा वाटा पत्नीच्या भरपाईतून कापता येत नाही. म्हणूनच वकिलांनी पतींच्या किरकोळ मुक्या माराचा वेगळा दावा लावला नाही. त्या दोन-पाच हजारांसाठी चालकाच्या चुकीचा प्रश्न स्वतःहून चव्हाट्यावर मांडण्यात शहाणपणा नव्हता. गाडीची दुरुस्ती स्वतःच्या विम्यातून झाली आणि घसाऱ्यापोटी खिशातून गेलेल्या रकमेवर त्यांनी पाणी सोडले.

ब्रेक निकामी झाल्याचा बचाव कैफियतीत ओझरता आला होता. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात ब्रेक चालू स्थितीत असल्याची नोंद होती. यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकानेच तो बिघाड दडलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता हे सिद्ध करायचे असते, हे मुंबईतल्या मिनू मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगून ठेवले आहे. इथे तर मालक साक्षीलाच आले नाहीत.

तिसरा मुद्दा मेडिक्लेमचा : कंपनीच्या मते जे २,७५,००० रुपये दुसऱ्या विम्यातून मिळाले ते वैद्यकीय खर्चातून वजा व्हायला हवे होते. यावर मुंबई उच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या खंडपीठांची मते जुळत नव्हती. २८ मार्च २०२५ रोजी पूर्णपीठाने निर्णय दिला, की मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येणार नाही. ती माणसाने स्वतः हप्ते भरून केलेल्या कराराची फलप्राप्ती आहे. आयुर्विम्याबाबत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एस.टी. महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात मांडले होते. एक दावा दाखल होण्याआधी आणि एक तो चालू असताना, असे चारांपैकी दोन मुद्दे कंपनीच्या हातून निसटले.

"जुनी झीज"

चौथा मुद्दा खऱ्या अर्थाने लढवला गेला. एमआरआयच्या अहवालात चकतीच्या वर्णनाबरोबरच मणक्यांच्या कडांना वयोमानपरत्वे झीज असल्याचा एक उल्लेख होता. चाळिशीपुढच्या, त्यातही दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाच्या अहवालात तो सहसा असतोच. कंपनीने त्या ओळीवर सगळी भिस्त ठेवली : दुखणे जुने, शिवणकामाचे, अपघात निमित्तमात्र, एरवी चार दिवस रुग्णालयात का गेल्या नाहीत?

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष कमिशनमार्फत, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीपुढे, रुग्णालयातच नोंदवली गेली. डॉक्टर न्यायालयात येत नाहीत म्हणून दावे रखडू नयेत, यासाठी हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालातच सुचवलेला आहे. उलटतपासात त्यांनी हाडांची झीज अपघातापूर्वीची असू शकते हे मोकळेपणाने मान्य केले आणि त्याच वाक्यात पुढे सांगितले, की झीज असणे वेगळे आणि चकती बाहेर पडून मज्जातंतू दाबणे वेगळे. या रुग्णाला बधिरपणाची तक्रार अपघातापूर्वी असल्याचा एकही कागद नाही, आणि हिसक्यानंतर तीन-चार दिवसांनी लक्षणे वाढणे नेहमीचे आहे. प्रामाणिक साक्षीदाराने एक गैरसोयीची गोष्ट मान्य केली की उरलेल्या साक्षीचे वजन वाढते, याचे हे चांगले उदाहरण होते. आधीच नाजूक असलेल्या शरीराला इजा झाली तर ती करणाऱ्याने "शरीर नाजूक होते" असे म्हणून सुटू नये, हे तत्त्व तर अपकृत्य कायद्यात जुनेच आहे.

निर्णायक पुरावा मात्र वैद्यकीय नव्हताच. तो दुकानातल्या मापवहीत होता. १७ ऑगस्टपर्यंतच्या पानांवर रोजच्या मापांची, बेतण्याची आणि तयार कपड्यांची नोंद पत्नीच्या वळणदार अक्षरात होती. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी असल्याने गौरी-गणपतीच्या ऑर्डरींनी वही भरलेली होती. २२ ऑगस्टनंतर अक्षर बदलते, नोंदी विरळ होतात, आणि यूपीआयच्या खात्यात ग्राहकांना आगाऊ रक्कम परत केल्याच्या ओळी एकामागून एक दिसतात. मान आधीपासून निकामी असती तर सणाच्या तोंडावर एवढे काम कोण अंगावर घेईल, या प्रश्नाला कंपनीच्या वकिलांनी उत्तर दिले नाही.

टक्के किती

शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात संपूर्ण शरीराच्या संदर्भात १८ टक्के कायमचे अपंगत्व नमूद होते. पुष्कळ दावे याच आकड्यावर थांबतात, ही वकिलांची आणि अर्जदारांची मोठी चूक असते. राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिकवले ते हे, की वैद्यकीय टक्के म्हणजे कमाईच्या हानीचे टक्के नव्हेत. तो माणूस कोणते काम करीत होता आणि आता त्यातले काय करू शकतो हे न्यायाधिकरणाने स्वतंत्रपणे ठरवायचे. मान कमी वळते म्हणून बँकेतल्या लेखनिकाचा पगार कमी होणार नाही. आरीची सुई धरणाऱ्या बोटांची गोष्ट निराळी.

या हानीला आकडा देणारा पुरावा योगायोगाने तयार झालेला होता. डिसेंबरपासून दुकानात कटिंग मास्तर ठेवावा लागला होता आणि त्याला दरमहा १२,००० रुपये खात्यातून जात होते. अर्जदाराचे जाहीर उत्पन्न महिना ३०,००० होते. स्वतःचे हात जे करीत होते त्याची किंमत म्हणून उत्पन्नाचा ४० टक्के भाग बाहेर जाऊ लागला, असा अर्जदारातर्फे युक्तिवाद होता.

उत्पन्नाबाबतही एक कडू गोष्ट नोंदवायला हवी. अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे खरी कमाई महिना ४५,००० च्या आसपास होती, पण रोखीचा भाग विवरणपत्रात कधी दाखवलाच नव्हता. वकिलांनी तो आकडा मांडण्यास नकार दिला. तीन वर्षांची विवरणपत्रे अनुक्रमे २,८८,०००, ३,२४,००० आणि ३,६०,००० रुपयांची होती. कंपनीने सरासरी धरायचा आग्रह केला. अर्जदाराने शेवटच्या वर्षाचा. शेवटचे विवरणपत्र जुलै २०२४ मध्ये, म्हणजे अपघाताच्या आधी भरलेले होते, यामुळे ते दाव्यासाठी फुगवल्याचा संशय घेता येत नव्हता.

आता गणित. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) स्वयंरोजगार असलेल्या ४० ते ५० वयोगटातील व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी २५ टक्के मिळवायचे असतात. हे तत्त्व कायमच्या अपंगत्वालाही लागू होते, असे २०२० साली पप्पू देव यादव प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. ३,६०,००० चे ४,५०,००० झाले. सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात ४१ ते ४५ वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १४ आहे, म्हणून एकूण ६३,००,०००. याचे ४० टक्के धरले तर २५,२०,००० आणि २५ टक्के धरले तर १५,७५,०००. याखेरीज वैद्यकीय खर्च ३,८६,४००, पाच महिन्यांच्या बुडालेल्या उत्पन्नाचे १,५०,०००, पुढील उपचार ५०,०००, सोबतीण, पोषक आहार व प्रवास मिळून ६०,०००, वेदना व यातनांपोटी १,००,००० आणि जगण्यातल्या सुखसोयी हरवल्यापोटी ७५,०००, असे ८,२१,४०० रुपये मागितले होते. अर्जदाराची मागणी अशा रीतीने ३३,४१,४०० रुपयांवर गेली. कंपनीने सरासरी उत्पन्न, भविष्यवाढ शून्य, हानी १० टक्के आणि मेडिक्लेम वजा असे धरून मांडलेला हिशोब सात लाखांच्या आत बसत होता.

तडजोड

डॉक्टरांची साक्ष संपल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी स्वतःहून लोकअदालतीचा प्रस्ताव दिला. पहिला आकडा १२ लाखांचा होता, दुसरा १६ लाखांचा. वकिलांनी अर्जदाराला समजावले, की न्यायाधिकरण ४० टक्के मान्य करील असे गृहीत धरू नये. वैद्यकीय १८ आणि मागणीतले ४० यांच्या मध्ये, २५ च्या आसपास कुठेतरी निवाडा होईल, म्हणजे एकूण २३,९६,४०० रुपये आणि वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. त्यावर कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकेल आणि ते वर्षानुवर्षे चालू शकेल. लोकअदालतीचा निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायशुल्कही परत मिळते.

पतींचा कल निकालापर्यंत लढण्याकडे होता. पत्नींनी मात्र दुकानाच्या भाड्याचा आणि कटिंग मास्तरच्या पगाराचा हिशोब मांडून तडजोडीच्या बाजूने मत दिले, आणि दावा त्यांचा असल्याने तेच चालले. व्याजासह एकरकमी २१ लाखांवर पुरसिस (तडजोडीचे लेखी निवेदन) झाली. माझ्या मते हा आकडा योग्य होता, किंचित कमी असेल तर तेवढाच. जी रक्कम सुटली ती अपिलाची वर्षे विकत घेण्याची किंमत होती. यात एक गोष्ट खटकते ती अशी, की तडजोड झाल्यामुळे "जुनी झीज" या मुद्द्यावर निकाल लागला नाही, आणि तोच बचाव पुढच्या मानेच्या दाव्यात जसाच्या तसा पुन्हा उभा राहील.

रकमेपैकी ८ लाख थेट अर्जदाराच्या बँक खात्यात आणि १३ लाख तीन वर्षांच्या मुदत ठेवीत, असा आदेश झाला. ठेवीचे व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होते. ते जवळजवळ पूर्णपणे कटिंग मास्तरच्या पगारात जाते. अर्जदार आता मापे घेतात, कापड निवडून देतात आणि आरीचे नक्षीकाम कागदावर काढून देतात. सुई दुसऱ्याच्या हातात असते.